मदिनेत लासुर्ण्याची पाळी

मदिनेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, नाहीतर हे मी घरीही नीट सांगितलेलं नाही.

यात्रेला निघताना आमच्या लासुर्णे गावच्या शेजाऱ्यांचं मागणं एकच होतं : पैगंबरांच्या रौज्यासमोर, म्हणजे कबरीसमोर, आमचा सलाम नावानिशी पोचवा. माझा माझ्या स्मरणावर विश्वास नाही, म्हणून नावं कागदावर लिहिली, दोनदा तपासली. कुबाची मशीद, उहुदचा डोंगर बघताना मी सगळ्यांना इतिहास सांगत फिरलो. आणि रौज्याच्या रांगेत शिरल्यावर खिशात हात घातला, तर कागद हॉटेलात, दुसऱ्या सदऱ्यात.

पीएच.डी. इतिहासाची, आणि चार नावांपुढे काही आठवेना. बरोबर मामेभाऊ मेहबूबतात्या होता. ऊस करतो, शाळा चौथीपर्यंत. म्हणाला, “मास्तर, घाबरू नगा. माज्या मागनं म्हना.”

तो एकेक नाव घेत गेला, मी मागून पुटपुटत गेलो. पहारेकऱ्यानं पुढं सरकवायच्या आत सगळी नावं झाली.

बाहेर आल्यावर विचारलं, “तात्या, एवढं आठवलं कसं?”

“त्यात काय? पाटाच्या पाण्याच्या पाळीनं घेतली. ज्याचं रान आदी भिजतं, त्याचा सलाम आदी.”

मला तरी शंका राहिलीच. “पण नामदेवरावाचं रान तर शेवटाला. त्याचं नाव पहिलं कसं?”

“त्यो कदी पाळीला थांबलाय व्हय? मागं ठिवला असता तर हितंबी मधी घुसला असता.”