मेन बंद केलाय ना?

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आयटीआय करून वायरमनच्या हाताखाली शिकायला लागले. मला अँक्झायटीचा त्रास आहे, हे मिस्त्रींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वायरीला हात लावण्याआधी मी दरवेळी विचारायचेच, "मिस्त्री, मेन बंद केलाय ना?"

परवा काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात ते वेटरांसमोर खेकसले, "भित्री भागूबाई! परत विचारलंस तर घरीच बस!"

म्हणून पुढच्या वायरीच्या वेळी मी विचारलंच नाही. आणि मिस्त्रींनीच चालू वायरीला हात घातला. शॉक लागून स्टुलावरून थेट खाली! मी धावत जाऊन मेन बंद केला, त्यांना पाणी दिलं. घोटभर प्यायले आणि त्याच वेटरांसमोर माझ्यावर ओरडले, "रोज डोकं खातेस, आजच विचारायला काय झालं होतं?"