लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा

सर : काकू, आपलं मैदान मागे राहिलं.

काकू : बघितलं मी. आरशात दिसलं.

सर : मग वळायचं होतं ना तिथे. परवा तुमची लायसन्सची परीक्षा. आज आठाचा आकडा काढायचाय, रिव्हर्स घ्यायचाय, चढावर गाडी उचलायचीय...

काकू : आज मैदान नाही. मुलाच्या ऑफिसात जायचंय मला. गिअर बदलू का आता?

सर : बदला. क्लच पूर्ण दाबा. हं, थर्ड. पण काकू, ही काही टॅक्सी नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे, वर एवढी मोठी पाटी आहे.

काकू : मग शिकतेच आहे की. कंडक्टर होते मी, सर. अख्खी नोकरी बसमध्ये उभ्यानं काढली. ड्रायव्हर नेईल तिकडे गेले, तो थांबला की थांबले. आज स्टिअरिंग माझ्या हातात आहे, तर जरा माझ्या मनासारखं जाऊ द्या.

सर : जाऊ देतो हो. पण तुमचा सूर आज काही वेगळाच लागलाय. घरी काही झालं का?

काकू : काल सकाळी तुम्ही काय केलंत ते आठवा.

सर : काल? काल तर क्लासच नव्हता.

काकू : क्लास नव्हता. फोन होता ना.

सर : अच्छा. तो व्हिडिओ.

काकू : तोच. ‘गेटवाल्या काकू. लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा.’ कुठल्या लोकांनी आग्रह केला हो? नावं द्या मला, एकेकाच्या घरी जाऊन येते.

सर : तसं लिहायची पद्धत असते. आमच्या क्लासचं पेज आहे, त्यावर रोज काहीतरी टाकावं लागतं, नाहीतर लोक विसरतात. आता रोज नवीन कुठून आणू? म्हणून जे आधी चाललंय तेच पुन्हा टाकायचं. जिमवाला तेच करतो, पार्लरवाली तेच करते. नवीन आलेल्यांनी बघितलेलं नसतं, जुन्यांना परत हसू येतं. आणि तुमचा चेहरा कुठे नीट दिसतो त्यात? पाठमोऱ्या आहात.

काकू : आवाज येतो ना. या शहरात माझा आवाज कोण ओळखत नाही? जन्मभर ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडत होते.

सर : समोर सायकल आहे.

काकू : दिसली. तिला जाऊ दे आधी. पहिल्यांदा टाकलात तेव्हा मी पण हसले, सर. म्हटलं, गाडी घेऊन आपटले गेटवर, हसू देत. मग तुम्ही तोच गाणं लावून टाकलात. मग सुट्टीच्या बॅचची जाहिरात म्हणून टाकलात. मग गेट मोडतं तिथे ते कार्टूनसारखे तारे फिरवलेत.

सर : तारे लोकांना फार आवडले.

काकू : भाजीवाली मला म्हणते, काकू, जपून, समोर टोपल्या आहेत. लिफ्टमध्ये पोरं हॉर्न वाजवल्यासारखं करतात. दर वेळी मी हसून साजरं केलं. पण मला लागत होतं, सर. घरी येऊन रडलेसुद्धा मी. आता सांगतेय स्पष्ट.

सर : मला कधी बोलला नाहीत.

काकू : बोलणार काय? मला वाटायचं, चूक आपली, कुठल्या तोंडानं बोलायचं? आणि काल तुमचा लोकाग्रह थेट माझ्या मुलाच्या ऑफिसात पोचला. त्याच्या साहेबांनीच त्याला दाखवला, ‘अरे, ही तुझी आई ना’ म्हणून. संध्याकाळी घरी आला आणि एक शब्द न बोलता खुंटीवरची गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. म्हणाला, आई, बास झालं. गिऱ्हाईक ठरवलंय, आज संध्याकाळी येणार गाडी बघायला.

सर : ती घरची गाडी?

काकू : माझी गाडी. माझ्या नावावर आहे. नोकरीतून मोकळी झाले तेव्हा घेतली. हे चालवायचे, मी शेजारी बसायचे. यांची नजर अधू झाली तशी ती कव्हर घालून उभी. मी चालवीन, यांना जरा बाहेर नेईन, म्हणून तर तुमच्याकडे आले या वयात. ती गाडी गेली तर आम्ही दोघं घरातच.

सर : वाईट वाटलं ऐकून. खरंच. पण काकू, व्हिडिओ काढून टाकायला मात्र सांगू नका. तो व्हिडिओ यायच्या आधी माझ्या बॅचला चार टाळकी नसायची. आज जागा नाही. आणि तुम्हाला गंमत सांगू? येतात त्यात बायकाच जास्त असतात. पहिलाच प्रश्न, ‘त्या गेटवाल्या काकू अजून येतात का हो शिकायला?’ मी म्हणतो, येतात, एकही क्लास चुकवत नाहीत. की लगेच नाव नोंदवतात.

काकू : असं विचारतात?

सर : शप्पथ. त्यांना वाटतं, गेटवर आपटून या बाई परत येतात, तर आपण का घाबरायचं?

काकू : मग हे कधी टाकलंत का तुमच्या पेजवर? की या बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या?

सर : त्याला कोण हसणार?

काकू : हं. इंडिकेटर देते, डावीकडे घ्यायचंय. आणि काढा कुठे म्हणतेय मी? राहू दे की तो व्हिडिओ.

सर : राहू दे?

काकू : राहू दे. फक्त मला सांगा, कालचा तुम्ही स्वतः बघितलात का, टाकताना?

सर : त्यात काय बघायचं? तोंडपाठ आहे. नवीन फोन घेतलाय, जुन्यातला कापलेला तुकडा यात आलाच नाही. मग गाडीत मागे लावलेल्या कॅमेऱ्यातला घेऊन तसाच पेजवर टाकला. घाई होती, गाणंही लावायचं राहिलं.

काकू : म्हणजे अख्खाच टाकलात.

सर : अख्खा म्हणजे सुरुवातीला थोडा मोठा असेल. लोक तसेही व्हिडिओ पुढे ढकलत ढकलत गेटपर्यंत जातात.

काकू : लोक जातात. मी पहिल्यापासून बघितला. शेवट मला माहीत होता.

सर : काय आहे पहिल्यांदा?

काकू : पहिल्यांदा मी म्हणतेय, ‘सर, पाय कुठे पडतोय कळत नाहीये. ब्रेक लागत नाही. तुम्ही दाबा.’ आणि तुम्ही म्हणताय, ‘छान, छान.’

सर : असं म्हणतोय मी?

काकू : परत मी म्हणतेय, ‘सर, गेट आलं, तुम्ही दाबा.’ तर तुमच्या फोनमधून कुणीतरी खो खो हसतंय, आणि तुम्ही म्हणताय, ‘येऊ द्या, येऊ द्या.’ त्यानंतर गेट. तिथून पुढचा तुम्ही इतके दिवस दाखवत होतात.

सर : काकू, मला... आता आठवत पण नाही नीट.

काकू : मला तरी कुठे आठवत होतं? त्या धक्क्यात सगळं पुसून गेलं. एवढंच डोक्यात राहिलं की आपला पाय चुकला. तुमच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो तो कशासाठी, हे मला काल सुचलं. फोन ठेवा खाली.

सर : एक सेकंद, फक्त काढून टाकतो तो. नीट कापून परत...

काकू : फोन ठेवा. चालू गाडीत फोन नाही. तुमच्याच क्लासच्या भिंतीवर लिहिलंय, लाल रंगात.

सर : मग थांबवा गाडी.

काकू : तुम्ही थांबवा. ब्रेक आहे ना पायाखाली? आज दाबा.

सर : मागे ट्रक आहे हो.

काकू : मला दिसतोय तो. तुम्हाला आज दिसला, बरं झालं.

सर : काकू, हात जोडतो. कुणाच्या लक्षात आलं तर संपलो मी. शिकवायला बसलेला माणूस फोनमध्ये तोंड घालून बसलाय, कोण पाठवील आपल्या घरचं माणूस माझ्याकडे? या धंद्याशिवाय दुसरं काही येत नाही मला.

काकू : माझी अब्रू गेली तेव्हा धंदा वाढत होता. तेव्हा नाही सुचलं हात जोडायला?

सर : चुकलं माझं.

काकू : हे मला एकटीला सांगून काय उपयोग? डेपोच्या ग्रुपवर पाठवलाय मी तो सकाळीच, पहिल्यापासून बघा म्हणून. आमच्या बायका हसत नाहीत सर, त्या फोन करतात. तुम्हाला येतील संध्याकाळपर्यंत.

सर : देवा.

काकू : देवाला कशाला मध्ये घेता? मी तुम्हाला बुडवायला नाही निघाले. तुम्ही शिकवता चांगलं, फोन हातात नसला की. आत्ता बघा, एवढ्या रहदारीतून चालवतेय ना मी? हे तुम्हीच शिकवलंत. पण व्हिडिओ काढून टाकायचा नाही, कापायचा नाही. खाली लिहायचं, फोन बघत होतो, ब्रेक मी दाबायला हवा होता. आणि पुढे लिहायचं, या बाई परवा परीक्षेला बसणार आहेत.

सर : आणि नाही लिहिलं तर?

काकू : तर परीक्षेला दुसऱ्याची गाडी घेऊन जाईन. आणि तिथल्या दारात उभी राहून जो विचारेल त्याला तुमच्या क्लासचा पत्ता देईन, सगळं सांगून. लोकाग्रहास्तव.

सर : हळू, हळू. समोर सिग्नल.

काकू : लाल आहे. न्यूट्रल. हँडब्रेक. बरोबर?

सर : बरोबर. लिहितो, काकू. थांबल्यावर लिहितो. मला लाज वाटतेय, एवढं खरं.

काकू : वाटू दे. मलाही वाटली होती, मेले नाही मी. आणखी एक काम आहे. त्या पुढच्या निळ्या इमारतीखाली माझा मुलगा उभा असेल, जेवणाच्या सुट्टीत खाली ये म्हणून सांगितलंय. लिहिणार आहात ते आधी त्याच्या तोंडावर सांगायचं.

(गाडी कडेला लागते. काच खाली होते.)

मुलगा : आई? गाडी कुणी आणली?

काकू : मी आणली. सरांचे हात बघ, मांडीवर आहेत.

मुलगा : मेन रोडवरून?

काकू : मग काय गच्चीवरून आणू? सर, बोला.

सर : साहेब, तो कालचा व्हिडिओ. तुम्ही गेटचाच भाग बघितला असेल. त्याच्या आधी काकू मला दोनदा सांगतायत, ब्रेक लागत नाही, तुम्ही दाबा. ते माझं काम होतं. मी फोन बघत होतो. नंतर तेवढं कापून मी तो टाकत राहिलो.

मुलगा : इतके महिने? आणि तुम्हाला काहीच...

काकू : त्यांच्याशी माझं बोलणं झालंय, तू नको त्यात पडू. तुझ्याशी माझं वेगळं काम आहे. किल्ली दे.

मुलगा : आई, ऐक तरी. यांची चूक, मान्य. पण पाय तर तुझाच चुकला ना? परत चुकला तर? त्या वेळी शेजारी दुसरा ब्रेक नसेल. मला भीती वाटते गं.

काकू : आणि ऑफिसात हसतात.

मुलगा : हो. हसतात, त्याचाही राग आला. खोटं कशाला बोलू?

काकू : भीती वाटते ते मला समजतं. तू पहिल्यांदा सायकल घेऊन मोठ्या रस्त्याला गेलास, तेव्हा मी बसच्या खिडकीतून दिवसभर सगळ्या सायकली बघत होते. पण तुझी सायकल विकली नाही.

मुलगा : तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

काकू : काही वेगळी नव्हती. हे बघ, पाय माझा चुकला. शिकत होते, चुकला. यांनी फोन बघितला नसता, सगळी चूक माझी एकटीची असती, तरी किल्ली माझीच होती. तू मला न विचारता काढलीस. परवा परीक्षेत मी नापास झाले, तरी ती त्याच खुंटीवर राहील आणि मी पुन्हा परीक्षेला बसेन. गिऱ्हाइकाला फोन करून सांग, येऊ नका.

मुलगा : किल्ली वर बॅगेत आहे.

काकू : मग आण जा. इथे फार वेळ उभं राहता येत नाही, नो पार्किंगची पाटी लावलीय. गाडी चालूच ठेवते मी.