बारदानावरची अक्षरं

अध्यक्ष सुनीलराव, व्यासपीठावरचे मान्यवर, कामधंदा सोडून गंगापूर रोडवरच्या या सभागृहात आलेले तुम्ही सगळे, आणि जिचा सत्कार करून आपण तिला बंगळुरूला निरोप देणार आहोत ती माझी विद्यार्थिनी रूपाली, सर्वांना नमस्कार.

रूपालीचा 'झपाटा' हा फाँट तुम्ही पाहिलाच. जाड, उजवीकडे झुकलेला, कुठे नक्षी नाही. दुकानाच्या पाटीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत कुठेही शोभेल. मला तर पाहताक्षणी आवडला. का नाही आवडणार?

छत्तीस वर्षांपूर्वी सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी मी बारदानावर छापायची अक्षरं काढत होते. कॉन्व्हेंटात सिस्टरनी तिरकं, नेटकं लिहायची सवय लावलेली. तेवढ्या भांडवलावर कामाला लागले. माझा पहिला कागद छपाई करणाऱ्या नजीरभाईंनी हसत परत दिला. "ताई, हे लग्नपत्रिकेला द्या. बारदान लय शाई पितं. अक्षराचं पोट मोकळं ठेवा, नाय तर कुणाचा कांदा ते कळायचंच नाय."

मग आम्ही दोघांनी पोटं मोकळी केली. दोन रेषा मिळतात तिथं नजीरभाई ब्लेडनं बारीक खाच पाडत. पसरलेल्या शाईनं ती भरून निघे आणि अक्षर जाड असूनही स्वच्छ उमटे. अकरा वेळा कागद बदलला, हो!

आता मला सांगा, मोबाइलच्या पडद्यावर शाई पसरते का? मग 'झपाटा'मध्ये त्याच जागी त्याच खाचा कशासाठी?

तीन वर्षांपूर्वी रूपाली माझे ते कागद घेऊन गेली होती. "मॅडम, नुसते बघते." आठवड्यात परत आणले, नव्या फायलीत लावून. मला केवढं कौतुक वाटलं होतं! मघाशी चहाच्या वेळी मी विचारलं, "या खाचा कशा सुचल्या गं?"

"अशाच, मॅडम. आतून आलं."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. निदान मला तरी खरं सांगेल, असं वाटलं होतं.

मान वर कर, बाळा. तुझी मेहनत मला दिसते. इतकी जोडाक्षरं तू एकटीनं केलीस, ती मला जमली नसती. मागितली असतीस तर बाकीची अक्षरं हसत दिली असती. नजीरभाई आता सत्त्याहत्तरचे आहेत. आजच्या समारंभाचं मी त्यांना कळवलं नाही. काय कळवणार होते?

सुनीलराव, मानपत्रावर 'स्वतंत्र निर्मिती' असं छापलंय आणि खाली माझ्या सहीला जागा ठेवलीय. ती मी कोरी ठेवते आहे. नजीरभाईंचं नाव घालून दुसरं छापा, त्या दिवशी सही करायला येईन. माझं नाव नसलं तरी चालेल.

आनंदाच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, तर वयाकडे पाहून सोडून द्या. शांतपणे ऐकलंत, आभारी आहे.

रूपाली, ये. शाल मीच घालणार आहे.