आचलचा अर्ज

विषय — नात आचल हिले उचलून न घेण्याबाबत. संदर्भ — अर्जदाराचा स्वतःचा अर्ज, वहीच्या फाटक्या पानावर. हसता काहून मनोजभाऊ? तुमीच तं विचारलं, घडीघडी खिशातून काय काढून पाहता म्हून! या दवाखान्यात तुमचा पहिलाच दिवस दिसते — पोराच्या व्यायामाचा कोरा तक्ता भेटला ना तुमाले? मंग ऐका. मी निवृत्त कारकून. कोरा तक्ता दिसला का हात शिवशिवते.

आमची आचल आठ वर्षांची. जन्मतानी मेंदूले प्राणवायू कमी पडला, तवापासून पाय ताठ — चवड्यावर चालते. इथं व्यायाम शिकवणाऱ्या पौर्णिमा मॅडमनं सांगतलं, रोज पोटऱ्या ताणा, भिंतीशी टाच टेकवून दहा मिनिटं उभी करा, वॉकर धरून अंगणात चालवा, अन् केलं ते रोज लिहा. आता पोटरी ताणली का पोरगी रडते — अन् रडली का मी तिले खांद्यावर घेऊन आमच्या तेल्हाऱ्याच्या चौकात जिलेबी खाऊ घालतो. हाबी व्यायामच — माहा! तक्त्याचं काय? सोमवारी बसलो अन् कचेरीतल्या हजेरीपटासारखा अख्खा आठवडा एका दमात भरून टाकला. केले — सही. केले — सही. मंगळवारी मॅडमनं पाह्यला. म्हणते, "काका, गुरुवारचे व्यायाम छान झाले हं. शुक्रवारी जरा कमी रडली का?" चौतीस वर्षांत एकाही साहेबाले जे दिसलं नाई, ते त्या मॅडमले एका नजरेत दिसलं!

नाई, रागावली नाई. आचललेच विचारलं, आजोबा किती चालवतात? अन् आमची फितूर — "चालवत नाई, उचलतेत!" आता तुमाले म्हून सांगतो — तिचं रडणं हा माहा बहाणा हाय. ती चालाले लागली तं मले काय काम? घरात मले हाक मारणारी तेवढीच एक... जाऊ द्या. आचलनं घरी येऊन हा अर्ज देल्ला. "आजोबा, मले उचलू नका. दवाखान्यापासून एसटीपर्यंत मी चालीन. तुमी थैली धरा." मायना बराबर, सही माह्यापेक्षा बरी. मी शेरा मारला — विचाराधीन. आज नुसतं दवाखान्याच्या फाटकापासून दारापर्यंत चालू देल्लं. पडली एकदा. मी धावलो, तं म्हणते कशी — "अर्ज वाचला नाई का?"

थांबा — मॅडमच्या खोलीचं दार उघडलं. आली. उठू नका भाऊ, हात मांगं घ्या, मीबी घेतले. पाहा — टाच... टेकली! टेकली ना? आचल, हळू — नाई नाई, मी काई बोललोच नाई. चला भाऊ, बाराची गाडी हाय. तुमी तक्ता भरा, पण आजचाच. माही थैली तेवढी द्या इकडं. अर्जाचं काय झालं? एसटी इथून तीन गल्ल्या दूर हाय. अर्ज अजून प्रलंबित हाय.