शेवाळात अडकलेलं पोवळं

मुरबाडला टोकावड्याच्या एसटीसाठी माझ्यापुढे दोन शेजारणी उभ्या होत्या.

"चिमाकाकू, सुनेनं ती खाऱ्या पाण्याची माशांची टाकी फेकली का गो?"

"फेकतेय कशाला? शेवाळानं तिचं जिवंत पोवळं झाकलेलं. माझा पोरगा नरेंद्र तिला बोलला, औषध ओत."

"ओतलं?"

"नाय. औषधानं पोवळंच मरंल, बोलली. लाइट कमी केला, रोज हातानं शेवाळ उपटलं. मग विचारलं, माशांना जास्त खाणं कोण टाकतं? उरलेल्या खाण्यावर शेवाळ माजतं."

"कोण टाकत होतं?"

"मीच. मासे उपाशी दिसायचे."

"मग चिडली असंल!"

"नाय गो. खाण्याचा डबा माझ्याच हातात दिला. बोलली, आई, आता चिमूटभरच, पण तुमीच घाला."

"आन् पोवळं?"

"काल फुलासारखं उमललं. बघायला सुनेनं पहिली हाक मलाच मारली."