औंधातलं कोरियन

सांगतो की वाट, पळून चाललीय व्हय ती — बसा आदी हितं कट्ट्याव, त्यो मोबाइल खिशात घाला, त्यो बी दमला आसंल तुमच्यासंगं यमाईच्या पायऱ्या चढून. मनुबाई कोरियनच हुडकताय न्हवं? तेच म्हनलं, तोंडाव दिसतंय. आता एक पैज लावा माज्यासंगं. त्या मनुबाईच्या नवऱ्याची गोष्ट सांगतो, शेवटी त्येचं काय झालं ते वळखा. वळखलं तर दारापतूर आणून सोडतो, न्हाई वळखलं तर नुसती वाट सांगतो. न्हाई, मेला न्हाई. पयला डाव गेला तुमचा. पळून बी न्हाई गेला, गुडघं कुठायत त्येला पळाय — आन् बायकोनं मारला बी न्हाई. मारला असता तर बरं झालं असतं असं त्यो म्हनतो, पन त्येचं काय ऐकताय, लय बाराचा मानूस त्यो.

बाराचा म्हंजी कसा, तर उभ्या जल्मात कुनाला सरळ उत्तर दिलं न्हाई. सातारची यष्टी गेली का इचारलं की गेली म्हनायचा, आन् मानूस पिशवी घिऊन घराकडं वळला की यष्टी यायची. शाळा दुसरीत सुटली. त्येनं न्हाई सोडली, मास्तरच्या खुर्चीला खाजकुयली लावली म्हनून शाळंनंच त्येला सोडला. सही करतो, यष्टीवरची पाटी वाचतो, भागतंय तेवढ्याव. आन् घरात त्येची जीभ लय. ताटाव बसला की सुरू — मनुबाई, ह्या आमटीत पवता यील, मनुबाई, ही भाकरी हाय का पत्रा. ती बी काय कमी न्हवती. म्हनायची, पत्राच हाय, डोस्क्याव घाला, पावसात कामाला यील. शेजारची तानुबाई म्हनायची, ह्येंच्यात भांडान ऐकू आलं की समजायचं दोघं जेवली.

तर झालं काय, मिरजंची डाक्टरी शिकनारी पोरं आल्ती देवीला. त्यात एक पोरगी, शिवांजली म्हनून, केसाचं शेंडं निळं केल्यालं. मागल्या पोरांकडं बघून तिनं हळूच डोळा मारला आन् मला इचारती, आजोबा, इथं चांगलं कोरियन कुठं मिळतं हो? — म्हंजी त्येला इचारती. त्यो बसल्ता हितं, मी आसंन शेजारी. आता औंधात कोरियन. हितं मिसळ मिळती, वडा मिळतो, येक पोरगं गाड्याव लालभडक चायनीज करतंय, ते खाल्लं की चीनबी लांब वाटाय लागतंय. पोरगी म्हाताऱ्याला खुळ्यात काढाय बघत हुती, आन् म्हातारा त्या धंद्यात तिच्या बापाच्या आदीपासनं. कोरियन म्हंजी काय त्येला जरा ठावं हुतं, नात बघती मोबाइलवर, प्रांजल — त्यात सगळी गोरी गुळगुळीत पोरं भांड्यात तोंड घालून शेवया वडत बसत्यात आन् मधी मधी रडत्यात. तर म्हातारा जरा बी न हसता म्हनला, कोरियन व्हय, खालच्या आळीला जावा, निळं दार, मनुबाई म्हना, सगळी तिकडंच जात्यात. पोरीचं तोंड बघाय पायजे हुतं. आलती खुळं कराय, गेली पत्ता घिऊन.

आन् त्यो गेला मागनं, गंमत बघाय, गोठ्यातल्या खुट्याजवळ बसला. आता हितं घोळ बघा. पोरगी दारातनं म्हनली, मावशी, कोरियन जेवण मिळतं का? मनुबाईला एका कानानं कमी येतंय. तिला आयकू गेलं, कोरड्यास. तुमच्याकडं म्हनत न्हाईत व्हय? भाकरीसंगं कालवून खायाचं जे काय आसंल ते कोरड्यास — पातळ असून कोरडं का म्हनायचं ते मला इचारू नका, म्या न्हाई ठेवलं नाव. मनुबाई बघतच बसली त्या पोरांकडं. मिरजंसनं आल्यात. मोटारीनं. कशाला, तर कोरड्यास खायाला. म्हनली, माजं कोरड्यास? कुनी सांगितलं तुमाला? पोरगी म्हनली, सगळे म्हणतात, मावशी. हुशार पोरगी. झालं, मनुबाईनं चूल फुकली. हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या लसनाच्या पान्यात, पावट्याचं कोरड्यास, बाजरीची भाकरी, ठेचा. पोरीनं मधीच इचारलं, रामेन आहे का? — त्या रश्श्यातल्या कोरियन शेवया म्हनं. मनुबाई म्हनली, शेजारचा रामा न्हाई, शेळ्या घिऊन गेलाय, तुमी जेवा. शेंगोळ्याचं पानी पोरांनी प्यालं वाडगं तोंडाला लावून, अगदी त्या मोबाइलवरच्यासारकं. जाताना पोरांनी मोबाइलच्या नकाशात टाकलं, मनुबाई कोरियन, औंध. वर चांदण्या काढल्या, असतील तेवढ्या.

मग काय. सांगलीची यायाला लागली, साताऱ्याची आली, एक जोडपं महाबळेश्वराला चाललं हुतं ते गाडी फिरवून हिकडं. कोन म्हनायचं लय वेगळी चव, कोन म्हनायचं अस्सल — कोरियाला कोन गेलंय. अंगनात सतरंज्या पडल्या, भाकऱ्याला तानुबाई आली. मनुबाई सकाळीच येनी घालून तयार. आन् एकदा ताटाव बसल्या बसल्या म्या म्हनलं, मनुबाई, ह्या आमटीत — तर मला फुडं बोलूच दिलं न्हाई. म्हनली, दोन जिल्ह्यांची मानसं डिझेल जाळून येत्यात ह्या आमटीला, तुमच्याच जिभेला काय झालंय ते डाक्टरला दावा. आन् हसली. चाळीस वर्सांत मी तिला —

हं. व्हय. मीच. बरं मग? तुमी वळखलं हुतं तर गप का बसलासा, मानसानं सांगावं, मी उगं दुसऱ्याचं म्हनून घसा कोरडा करतोय. तर हसली, म्हनत हुतो. तवाच सांगून टाकाय पायजे हुतं, आगं, ही लोकं कोरियाचं खायाला येत्यात, तुजं न्हवं. पन ती तशी हसली आन् माजी जीभच उचलंना. आन् गंमत बी वाटत हुती, खोटं कशाला बोलू. रोज मोटार थांबली की मला गुदगुल्या.

आन् मग आला, खराखुरा. कोरियाचा सायेब, पुन्याकडल्या कारखान्यातला, संगं डायवर जयराज, कोरेगावचा. कुनीतरी सायबाला सांगितलं, तुमच्या देशाचं मिळतंय. सगळं अंगन जेवायचं थांबलं. सायबानं भाकरी उलटी-सुलटी करून बघितली, ठेचा खाल्ला, डोळ्यातनं पानी, नाकातनं पानी, मान खाली घालून खातच गेला. मग डायवरला कायतरी म्हनला. जयराज म्हनतो, मावशी, सायेब म्हनत्यात ह्यात कोरियाचं कायबी न्हाई — आन् अजून वाढा म्हनत्यात. अंगन हसलं. मनुबाई पळी धरून हुबी. म्हनली, कोरियाचं म्हंजी? जेवाय बसल्याल्या एका पोरीनं समजावलं तिला, चांगल्या मनानं, अहो मावशी, कोरियन, देश असतो तो, तुमच्याकडे मिळतं ना ते.

मनुबाईनं सायबाला आदी वाढलं. शेंगोळ्या वाढल्या, वर तेल सोडलं. मग माज्याकडं बघितलं, खुट्याकडं. माज्या चेष्टा झेलत ती म्हातारी झाली, वळखायला कितीक येळ लागतोय. म्हनली, तुमीच न्हवं. म्या म्हनलं, आगं जरा चेष्टा केली. म्हनली, म्हंजी कोरड्यास कुनी मागितलंच न्हवतं. बास, तेवढंच. मी बसलो वाट बघत, आता पळी येती अंगाव, आता तांब्या येतो. न्हाई आलं. रातभर कायबी आलं न्हाई.

बंद? कशाला बंद करंल. आता दारात कोन कोरियन म्हनलं की ती सरळ सांगती, कोरियन न्हाई, कोरड्यास हाय, खायाचं तर बसा, न्हाई तर फुडं सातारा हाय. बसत्यात की सगळी. तुमी बी बसशीला. — माजं? माजं काय, मी बी तितंच जेवतो, दुसरं घर हाय व्हय मला. त्या दुसऱ्या दिशी बसलो सतरंजीव, ताट आलं, म्या म्हनलं, मनुबाई, ह्यात मीठ हाय का मिठाची नुसती आटवन. लय येळ बसलो तिच्या तोंडाकडं बघत, जोरदार कायतरी यील म्हनून. तर म्हनली, बदलून दिऊ का, काका?

काका. मला. जेवून उठलो, हात धुतला, तर ती पैशाला हात फुडं करून हुबी. दिलं. थँक्यू, म्हनली, परत या.

वळखलं न्हवतंसा न्हवं? मग दारापतूर येत न्हाई मी. जावा, खालची आळी, हे वळान सोडून दुसरं. आन् ताटाचं पैसं आदी इचारू नका, तिला आवडत न्हाई, मीच सांगतो. पावन्याला दीडशे. मला दोनशे.