पाठ माझी, तोंड त्याचं

नाही, हसा ना. हसा, तुमचं काय जातंय. अंधारात हसलात ते हसलात, आता दिवे लागले तरी हसताय... त्या मागच्या पोरीला तर उचकी लागलीय, तिला कुणीतरी पाणी द्या. मला इथं वर बोलावलंत, म्हणालात, डिनी आजोबा, तुम्ही त्या मुक्या सिनेमांच्या काळात स्टुडिओत सुतार होता, दोन शब्द बोला. मला तिसरीतून शाळेबाहेर काढलं, मला दोनच शब्द येतात आणि ते बायकामाणसांसमोर बोलण्यासारखे नाहीत. पण आता उभंच केलंय तर ऐका. तो शेवटचा तुकडा पाहिलात ना, नवरदेव चर्चच्या पायरीवर नवरीच्या तोंडावरची जाळी वर करतो आणि आतून मिशाळ म्हातारा निघतो, दातांत पाईप धरलेला... तिथं तुम्ही खिदळलात. म्हाताऱ्याला नाही, नवरदेवाच्या चेहऱ्याला. ओठ कसे थरथरतात, डोळ्यांतून पाणी कसं घळाघळा... आणि ते चष्मेवाले गृहस्थ शेजारणीला म्हणाले, ‘लायोनेल ड्रेक म्हणजे काय नट होता हो!’ ऐकलं मी. बहिरा नाही मी. तर तुम्हाला सांगतो, लायोनेल ड्रेक त्या दिवशी तिथं नव्हताच. त्याचा दात दुखत होता. तो चेहरा माझा आहे, आणि लग्नही माझंच होतं. मोडलेलं.

हसा, तुमचं काय जातंय.

आता हे कसं झालं? तर मी सुतार. नकली भिंती उभ्या करायच्या, नकली दारं बसवायची. पण माझे खांदे आणि त्या लायोनेलचे खांदे एका मापाचे निघाले, तिथंच नशीब फिरलं. लायोनेलला पळायला आवडायचं नाही, पडायला तर त्याहून नाही, आणि विनोदी सिनेमात दुसरं असतं काय? मग मागून दिसायचं असेल तेव्हा मी, पुढून दिसायचं असेल तेव्हा तो. छपरावरून पडलो मी, कपडे झटकले त्यानं. घोड्यानं लाथ मारली मला, कळवळला तो. पाठ माझी, तोंड त्याचं. आणि आमचा डायरेक्टर ट्रिम्बल, त्याच्या हातात तो पत्र्याचा भोंगा, त्यातून तो ओरडला ‘उडी’ की आपण उडी मारायची, खाली काय आहे ते खाली गेल्यावर बघायचं. तीन वर्षं हेच. बैलाला सवय होते ना तशी सवय. स्वयंपाकघरात कुणी ओरडलं तरी मी टेबलावरून उडी मारायचो.

आणि हा ट्रिम्बल कंजूष. चर्च बांधायचं म्हणजे लाकूड लागतं, वऱ्हाडी आणायचे म्हणजे त्यांना जेवण लागतं. म्हणून जगात कुठं काय फुकट चाललंय ते हा शोधत फिरायचा. कुठं आग लागली, चला कॅमेरा घेऊन. कुठं मिरवणूक, चला. एकदा तर कुणाच्या तरी अंत्ययात्रेत लायोनेलला चुकीच्या बग्गीत बसवला, विधवेच्या मांडीवर. असला माणूस. आणि नेमका तेव्हा आम्ही जो सिनेमा काढत होतो त्याची गोष्ट काय, तर एका माणसाला लोक भलताच नवरदेव समजतात आणि भलतीशीच त्याचं लग्न लावतात. आणि नेमकं तेव्हाच माझं लग्न ठरलेलं. आता सांगा, हा ट्रिम्बल गप्प बसेल?

मला म्हणाला, “डिनी, बाळा, लग्नाला कोट आहे का तुझ्याकडे?”

म्हटलं, “नाही.”

“लायोनेलचा घाल. मिशी पण लाव त्याची, तुला शोभते. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहू. तुझी पाठच काय ती घेऊ. तुला कळणारसुद्धा नाही.”

तर माझी नवरी, टोंका. सॅन पेड्रोच्या बंदरावर ते समुद्रापलीकडून आलेले कोळी लोक राहतात ना, डाल्मेशियाचे, सार्डिनच्या होड्या असलेले, त्यांच्यातली. मासळीच्या कारखान्यात डबे भरायची. मी तिथं फळ्या आणायला गेलो होतो, वाटेत उभा राहिलो, तर म्हणाली, “ए लाकूडतोड्या, मासा आहेस की माणूस? मासा असशील तर ह्या डब्यात ये, नाहीतर सरक.” सरकलो. पण दर रविवारी पुन्हा जाऊन उभा राहायला लागलो. तिचा बाप शिमे, हा असा रुंद, बोलायचा कमी आणि बघायचा जास्त. मी आयरिश, ना आई ना बाप, अनाथालयात वाढलेला, वर सिनेमावाला. त्यानं वर्षभर नुसतं बघितलं माझ्याकडे. मग एकदा वाइनचा पेला पुढं सरकवला आणि म्हणाला, “बस.” म्हणजे झालं, ठरलं. तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी बस म्हणालं होतं.

आता त्या लोकांची एक रीत आहे. नवरदेव नवरीला न्यायला तिच्या दारात येतो, आणि घरचे काय करतात, तर आधी खोटी नवरी बाहेर आणतात. कुणी म्हातारी, कुणी चावट काका, जाळीत गुंडाळून. नवरदेवानं म्हणायचं, ‘ही माझी नव्हे.’ मग लोक हसतात, दुसरी खोटी आणतात, पुन्हा ‘ही माझी नव्हे’, आणि मग खरी. सोपं आहे. लहान पोरालाही जमेल. पण मला हे कुणी सांगावं की नाही? कुणी नाही सांगितलं. त्यांना वाटलं, जगात सगळीकडे असंच करतात. आमच्या अनाथालयात कुणाची लग्नं व्हायची?

तर मी दारात उभा. लायोनेलचा कोट, लायोनेलची मिशी, तोंडाला सिनेमावाले लावतात तो पिवळा रंगसुद्धा, कारण ट्रिम्बल म्हणाला, चुकून वळलास तर... आणि दार उघडलं, आणि आली नवरी. गुडघ्यापर्यंत जाळी. खाली वाकून, हळूहळू, एक पाय ओढत. मला वाटलं, लाजतेय. तंबाखूचा वास आला, पण त्या घरात कशाला तंबाखूचा वास येत नव्हता? तरी तुम्हाला सांगतो, मी थांबलो होतो. काहीतरी चुकतंय असं आतून वाटत होतं. टोंका लाजणारी बाई नव्हे, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं, म्हणणार, अगं पायाला काय झालं तुझ्या... आणि रस्त्यापलीकडून भोंगा वाजला. “उचल तिला! आणि पळ!”

उचललं. पळालो.

हसा, तुमचं काय जातंय. एका माणसाचं वजन होतं दोन पोती पिठाइतकं आणि ते खांद्यावर गुदगुल्या झाल्यासारखं हसत होतं. हा बार्बा लुका, टोंकाचा काका. ते काकाला बार्बाच म्हणतात. मागून सगळी वरात धावतेय, हसतेय, त्यांना आधी वाटलं, जावई विनोदी आहे, बरं झालं. पण कोपरा आला तरी मी थांबेना. मासळीबाजार मागं पडला तरी थांबेना. मग एकेकाचं हसू विरत गेलं. चर्चच्या पायरीवर पाद्री उभा, आणि त्याच्या शेजारी उन्हात कॅमेरा, ट्रिम्बल मोटारीतून आमच्याआधीच पोचलेला, हँडल फिरतंय. आणि भोंगा, “जाळी वर कर!” केली वर. आत मिशा. आत पाईप. आणि बार्बा लुका मला म्हणतो, “जावईबापू, खाली ठेवा आता, मला चक्कर येतेय.”

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, शिमेनं मला बनवलं. वर्षभर बघितलं, आणि आता सगळ्या गावासमोर दाखवून दिलं की तुझ्यासारख्या बेवारशाला आम्ही मुलगी देत नसतो, हा घे म्हातारा. दुसरं काय वाटणार? आणि रडू फुटलं. तर ट्रिम्बल ओरडतोय, “छान! तसाच राहा! हलू नकोस!” आणि मी, तुम्हाला सांगतो, मी हललो नाही. लग्न मोडत होतं माझं आणि मी तोंड कॅमेऱ्याकडे धरून उभा, फिल्म संपेपर्यंत.

परत गेलो धावत. दार बंद. शिमे पायरीवर बसलेला.

“तू उचललीस ती तुझी,” म्हणाला. “घेऊन जा घरी. रात्री घोरतो, सांभाळ.”

वर खिडकीत टोंका. जाळी नाही, काही नाही, केस सुटलेले.

“टोंका, मला वाटलं तूच आहेस!”

“मी?” म्हणाली. “बार्बा लुका म्हणजे मी? वर्षभर ह्या बंदरावर शेजारी चाललास माझ्या, आणि तुला माझी चाल ओळखू येत नाही?”

“ट्रिम्बल ओरडला गं, उचल म्हणून...”

“मग ट्रिम्बलशी लग्न कर.” आणि खिडकी लावली. आतून शिजलेल्या कोकराचा वास येत होता. ते जेवण नंतर बार्बा लुका एकटाच जेवला असं ऐकलं.

हसा, तुमचं काय जातंय. पुढं स्टुडिओत काय झालं ते ऐका. सगळे खूश. तो तुकडा बघून ट्रिम्बलनं टोपी उडवली. पण पडद्यावर नाव कुणाचं? मिशी त्याची, कोट त्याचा, रंग त्याचा, आणि लोकांना काय कळतंय? पेपरात आलं, लायोनेल ड्रेकनं हसवता हसवता काळजाला हात घातला. आणि हा माणूस एक दिवस माझ्या रंध्याशेजारी येऊन बसला, भुशात, आणि मला हळूच विचारतो, “डिनी, त्या वेळी तू नेमका कसला विचार करत होतास? पुढच्या सिनेमात मला पुन्हा रडायचंय, आणि मला जमत नाहीये.”

म्हटलं, “आधी कुणीतरी तुला बस म्हणायला पाहिजे. मग त्यानंच उठवायला पाहिजे.”

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मूर्ख.

पुढं सिनेमा सॅन पेड्रोला लागला. बार्बा लुकाला कळलं की आपण नायिका आहोत, मग काय विचारता! सगळी गल्ली घेऊन आला, पहिल्या रांगेत बसला, पडद्यावर स्वतः दिसला की उठून मागं वळून वाकायचा. आणि त्याच्या शेजारी टोंका. ओढूनच आणली असणार. मी मागं खांबाआड उभा. तिथं मी का गेलो विचारू नका, मला माहीत नाही. तर आली ती पायरी, आली ती जाळी, आणि सगळं थिएटर, कोळी, खलाशी, कारखान्यातल्या पोरी, माझ्या तोंडाकडे बघून पोट धरून... तुमच्यासारखंच. आणि त्या सगळ्या हलणाऱ्या डोक्यांत एक डोकं हललं नाही. एकच. मी तेवढंच बघत राहिलो.

बाहेर आली तेव्हा माझ्यासमोर उभी राहिली.

“तो रडणारा कोण होता?”

“लायोनेल ड्रेक. नाव आहे की पडद्यावर.”

“मी पडद्याला नाही विचारलं.”

“मी होतो,” म्हटलं.

“कशाला रडत होतास? बार्बा लुका इतका वाईट दिसत होता?”

“मला वाटलं, मला तू मिळणार नाहीस असं तुझ्या बापानं ठरवलं.”

त्या दिवशी खिडकीतून तिला माझी पाठच दिसली होती हो. पळणारी पाठ, खांद्यावर दुसरंच कुणीतरी. रडतं तोंड तिनं आत्ता पाहिलं होतं. मग म्हणाली, “बाबा काही ठरवत नाहीत. त्यांना नुसतं वाटतं, आपण ठरवतो. वेड्या, ‘ही माझी नव्हे’ एवढं म्हणायला काय झालं होतं?”

“मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“काकाला नवरी म्हणून नेऊ नये, हेही सांगायचं?”

आता ह्याला उत्तर आहे का? तुमच्याकडे असेल तर द्या.

तर लग्न पुन्हा ठरलं. शिमे म्हणाला, रीत सगळी होईल, एकदा चुकली म्हणून सुटका नाही. ह्या वेळी मी स्वतःच्या कपड्यांत, मिशी नाही, ट्रिम्बलला पत्तासुद्धा लागू दिला नाही. दार उघडलं. पहिली आली शेजारची विधवा, जाळीत, पोटाला उशी बांधून. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, “ही माझी नव्हे!” की बंदरावरचे पक्षी उडाले. लोक खूश. दुसरा आला बार्बा लुका, पुन्हा, त्याला आता सवय लागली होती, मला डोळा मारतोय. “हा तर मुळीच माझा नव्हे.” लोक आणखी खूश. मग दार बराच वेळ बंद. आणि मग आली टोंका. तोंड उघडं. जाळीच नाही.

शिमे म्हणाला, “जाळी कुठंय?”

“आत ठेवलीय,” ती म्हणाली. “ह्याच्या बाबतीत जोखीम नको मला.”

भर ऊन, तिच्या तोंडावर. सगळे माझ्याकडे बघताहेत आणि ती माझ्याकडे बघतेय, आणि मला एवढंच करायचं होतं की हात पुढं करायचा. आणि मी काय केलं? मी बार्बा लुकाकडे वाकलो आणि हळूच विचारलं, “हीच ना?”

आता तुम्हीच सांगा, विचारून घेतलं तर काय बिघडलं? एकदा विचारलं नव्हतं तर काय झालं, ते आत्ताच बघितलंत. पण टोंका चर्चपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आत पाद्र्यानं विचारलं तेव्हा जे एक ‘हो’ बोलावंच लागतं, तेवढं बोलली. तेवढ्यावरच भागवतोय आजपर्यंत.